मीर सुलतानखान : देशी पद्धती व स्पर्धेतील डाव

देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरके. त्या पद्धतीत वाढलेला पंजाबचा मीर सुलतानखान १९२९ साली इंग्लंडला गेला, तेव्हा युरोपीय डावारंभाचे त्याचे ज्ञान बेताचेच होते. तरीही १९२९, १९३२ व १९३३ साली त्याने ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकासही ६५ खेळ्यांत नमविले. डावारंभातील उणीव त्याने स्थितीची अचूक पारख व अखेरच्या डावातील चिकाटी यांनी भरून काढली. डावारंभ ग्रंथांतून शिकता येतो. सबुरीने निर्णय घेण्याची दृष्टी मात्र पटावरच कमवावी लागते, हे यावरून स्पष्ट होते. १९६६ साली निवर्तलेल्या या खेळाडूस जागतिक संघटनेने सन्माननीय ग्रँडमास्टर पदवी दिली ती २०२४ साली.