तारेखालचा अंधार

मुंबई-पुणे जुन्या रस्त्याने खोपोलीपाशी आले की डोंगराच्या अंगावरून उतरणारे जाड लोखंडी नळ दिसतात. विजेच्या इतिहासात त्यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे, आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र त्या नळांपेक्षा तेथून निघणाऱ्या तारांविषयी लिहावयाचे आहे.

घाटमाथ्यावरचा पाऊस अडवून तो कोकणाच्या बाजूला सोडावा आणि त्या उतारावर वीज निर्माण करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या हयातीत निघाली. १९०४ मध्ये ते वारले, कंपनी १९१० मध्ये उभी राहिली आणि ८ फेब्रुवारी १९१५ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. गिरण्या होत्या परळ-लालबागेत, सुमारे ७० किलोमीटर दूर. तोवर त्यांना लांबून कोळसा आणावा लागे. आता कोळशाऐवजी तारेतून शक्ती आणावयाची होती.

यातली खरी अडचण तारेच्या तापण्याची. प्रवाह जितका मोठा तितकी तार तापते, आणि हे नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उपाय असा की, दाब वाढवावा आणि प्रवाह घटवावा. दाब दहापट केला तर तीच शक्ती एक दशांश प्रवाहात जाते आणि त्याच तारेतले नुकसान शंभरावा हिस्सा उरते. म्हणून खोपोलीहून वीज निघाली ती सुमारे एक लाख व्होल्टच्या दाबाने. परळच्या उपकेंद्रात तो दाब उतरवून ती गिरण्यांना दिली गेली.

पण ज्या गुणामुळे वीज दूर जाते, त्याच गुणामुळे ती वाटेत कोणाच्या उपयोगी पडत नाही. कालव्याला पाट फोडता येतो, रेल्वेला एखादे लहान स्टेशन देता येते. लाख व्होल्टच्या तारेला मात्र झोपडीतला दिवा जोडता येत नाही. त्यासाठी रोहित्र हवे, उपकेंद्र हवे, आणि त्याचा खर्च भरून काढील असे गिऱ्हाईक हवे. हे कोणाचे कारस्थान नव्हे. तरीही उपकेंद्र कोठे बांधावे हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा नसून हिशेबाचा असतो, आणि हिशेब कोणीतरी माणूसच करतो.

मुळशीला हा हिशेब उघड झाला. मुळा नदी अडवून तिचे पाणी पश्चिमेला भिऱ्याकडे वळवावयाचे ठरले. पूर्वेला भीमेकडे जाणारे पाणी आता अरबी समुद्राला मिळणार होते आणि मावळातली भाताची खाचरे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथात याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. एकजूट मात्र टिकली नाही. बऱ्याच जमिनींवर सावकारांचा हक्क होता. त्यांना मोबदल्याची रक्कम महत्त्वाची, कसणाऱ्या मावळ्याला जमीन. १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी साथीदारांसह धरणाच्या मजुरांची गाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज मुंबईकडे निघाली.

सत्याग्रहींची घोषणा ‘जान किंवा जमीन’ अशी होती. बुडणाऱ्या गावांना वीज द्यावी, ही या लढ्याची मागणीच नव्हती. आज कोणत्याही धरणग्रस्ताच्या यादीत ती असते. त्या काळी ती कोणाला सुचू नये, यातच आम्हांस त्या काळाचे सारे अंतर दिसते.

पुढे अंतरे वाढली. १९९९ मध्ये चंद्रपूर ते भिवंडीजवळचे पडघे अशी ७५२ किलोमीटरची एकदिश प्रवाहाची वाहिनी सुरू झाली: पाचशे किलोव्होल्ट दाब, १५०० मेगावॉट क्षमता. अशा वाहिनीतून वाटेत वीज काढणे आणखी अवघड, कारण रूपांतराची अवाढव्य केंद्रे फक्त तिच्या दोन टोकांना आहेत. कोळसा चंद्रपूरचा, राखही चंद्रपूरचीच. पुढच्या दशकात राज्यभर भारनियमन आले, तेव्हा खेड्यांत तासन्‌तास वीज नसे आणि मुंबई शहर त्यातून वगळलेले होते.