कळफलक, माउस आणि न्याहाळक : ‘फोकस’च्या एकरूपतेचा प्रश्न

१९८३ साली स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने एकविसाव्या शतकाच्या आरंभी आपला कारभार संगणकावर आणला आणि राज्यातील इतर नागरी संस्थांपुढे तो नमुना म्हणून ठेवला गेला. डोंबिवलीकरांचे पालिकेतील काम अशा रीतीने हळूहळू खिडकीवरून पडद्यावर आले. पडद्यावरील ज्या घटकास दाबलेली कळ मिळते, त्यावर ‘फोकस’ आहे असे म्हणतात. माउस वापरणाऱ्यास त्याचे भान क्वचितच असते. अंध व्यक्तीला, अथवा हात थरथरणाऱ्या वृद्धाला, मात्र टॅब कळ दाबतच एका चौकटीतून दुसरीत जावे लागते. वाटेतील एखादे बटण वगळले गेले, तर त्याच्यापुरते ते अस्तित्वातच नसते.

डिसेंबर १९९७ च्या ‘एचटीएमएल ४.०’ने टॅबक्रम ठरविणारा ‘टॅबइंडेक्स’ हा गुणधर्म दुवे, बटणे, भरावयाच्या चौकटी अशा मोजक्याच घटकांना दिला. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीत ही मर्यादा ओलांडली. आयबीएमच्या साहाय्याने फायरफॉक्सने नोव्हेंबर २००५ मध्ये तोच मार्ग धरला. प्रमाणकात ही सोय सर्व घटकांना मिळाली ती थेट २०१४ च्या ‘एचटीएमएल ५’मध्ये. प्रचार आधी आणि प्रमाण मागाहून, हा क्रम मराठी शुद्धलेखनाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

खरा पेच मात्र क्लिकचा होता. विंडोजवर बटणावर क्लिक करताच फोकस त्यावर जाई. मॅकवरील सफारीत तो जात नसे, कारण मजकुराच्या चौकटी व याद्या यांनाच कळफलकाचे लक्ष्य मानण्याचा ॲपलचा जुना संकेत होता. सफारीत टॅबने दुव्यांवर थांबण्यासाठीही वेगळी निवड करावी लागे. यात कोणाची चूक म्हणावी? प्रत्येक न्याहाळक आपापल्या यंत्रप्रणालीशी प्रामाणिक होता. मॅकच्या वापरकर्त्याला मॅकसारखेच वर्तन हवे असते. अर्ज रचणाऱ्याला सर्वत्र समान वर्तन हवे असते. प्रमाणकानेही हा भाग बराचसा प्रणालीच्या संकेतांवर सोपविला. तांत्रिकदृष्ट्या हे समर्थनीय असले, तरी सार्वजनिक सेवेच्या अर्जाबाबत ते अपुरे ठरते, कारण नागरिक कोणते यंत्र घेऊन येईल हे कार्यालयास ठाऊक नसते.

याहून मोठी हानी सौंदर्यदृष्टीने केली. क्लिकनंतर बटणाभोवती उमटणारी रेषा कुरूप वाटल्याने अनेक रचनाकारांनी ती सरसकट पुसली. कळफलकावर विसंबणाऱ्यांचा एकमेव दर्शक त्यासोबत गेला. रेषा मुख्यतः कळफलकाच्या वापरातच दाखविणारी ‘फोकस-व्हिजिबल’ ही सोय क्रोममध्ये २०२०, फायरफॉक्समध्ये २०२१ आणि सफारीत २०२२ साली आली. तडजोड म्हणून ती उत्तम होय. फार उशिरा आली, इतकेच.

भारतात २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सुलभतेस वैधानिक आधार दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता ही संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानली. त्या प्रकरणातील तक्रार बँका व दूरध्वनी कंपन्यांच्या ओळख-पडताळणीविषयी होती : ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना आणि अंधांना ती स्वतःहून पूर्ण करता येत नव्हती.