बेवारस पार्सल : हात न लावणे हीच पहिली दक्षता

पालम : एसटी बसच्या आसनाखाली राहिलेला खोका उघडून पाहण्याचा मोह कोणालाही होतो. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात 2012 मध्ये याच मोहाने घात केला. बसमध्ये सापडलेल्या बेवारस पार्सलमधील रेडिओ वाहकाने घरी नेला. तो सुरू करताना स्फोट होऊन घरातील माणसे जखमी झाली. फेब्रुवारी 2018 मध्ये ओडिशातील पाटणागड येथे लग्नाची भेट म्हणून आलेल्या पार्सलने नवरदेवासह दोघांचा बळी घेतला. पुढच्याच महिन्यात नगरच्या कुरिअर कार्यालयात स्फोट झाला.

पाठविणारा अनोळखी, चिकटपट्टी अवाजवी, कागदावर तेलकट डाग, डोकावणारी तार किंवा उग्र वास, यापैकी काहीही आढळल्यास पार्सल आहे तेथेच राहू द्यावे. ते हलवू नये, पाण्यातही टाकू नये; पाण्याने बॉम्ब निकामी होतो हा समज घातक आहे. खोली रिकामी करून, दूर गेल्यावरच मोबाईलवरून 112 क्रमांकाला कळवावे. बॉम्बशोधक व नाशक पथक परभणीहून गंगाखेडमार्गे पालमला पोहोचेपर्यंत वेळ जाणारच. तोवर बघ्यांना रोखणे हेच खरे काम, आणि तेच सर्वांत अवघड.

पाकिटातून भुकटी सांडल्यास पंखा बंद करावा, ती झटकू वा हुंगू नये, हात साबणाने धुवावेत. अमेरिकेत 2001 मध्ये अँथ्रॅक्सच्या पत्रांमुळे 5 जण दगावले. त्यांत टपाल कर्मचारीही होते. म्हणून पाकीट हाताळलेल्या प्रत्येकाचे नाव लिहून पोलिसांना द्यावे.