ओस घरे, उणे पाणी आणि कॅमेरा

१/ उन्हाळा तापू लागला की सोलापूर जिल्ह्यातील वृत्तपत्रांत एक विलक्षण आकडा रोज छापून येतो : उजनीचा साठा उणे दहा टक्के, उणे वीस टक्के, उणे चाळीस टक्के. हा आकडा जसजसा खाली जातो, तसतसे टेंभुर्णी परिसरात कॅमेरे आणि ड्रोन घेतलेले तरुण दिसू लागतात. पाण्याखालून जुन्या गावांची जोती, देवळांची शिखरे, गढ्यांच्या भिंती वर येत असतात. या आकर्षणाचा, आणि ज्या घरांभोवती ते फिरते त्या घरांचा, हा इतिहास.

२/ पडक्या वास्तूंची ओढ जुनी आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये श्रीमंत जमीनदार आपल्या बागेत मुद्दाम पडके मनोरे बांधून घेत. आपल्या काळात या ओढीला नाव मिळाले ते ‘अर्बन एक्सप्लोरेशन’. १९९६ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे ‘इन्फिल्ट्रेशन’ नावाचे एक छोटे नियतकालिक निघाले आणि बंद इमारती, भुयारे, ओस कारखाने धुंडाळणाऱ्यांचा एक पंथच तयार झाला. महाराष्ट्रातील किल्ले भटकणाऱ्या तरुणांना ही वृत्ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

३/ कॅमेरा आणि भग्नावशेष यांची गाठ आपल्या भागात याहून पुष्कळ आधी पडली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने कॅप्टन थॉमस बिग्ज या तोफखान्यातील अधिकाऱ्यावर विजापूर आणि परिसरातील वास्तूंची छायाचित्रे घेण्याचे काम सोपवले. त्यांतून १८६६ मध्ये ‘आर्किटेक्चर ॲट बीजापूर’ हा ग्रंथ लंडनला निघाला. त्यातील मजकुराचा एक लेखक मेडोज टेलर हा सोलापूरशेजारच्या नळदुर्ग भागात अधिकारी राहिलेला होता.

४/ त्या छायाचित्रांत आदिलशाहीच्या भव्य इमारती आहेत, पण त्यांच्या सावलीत राहणारे तत्कालीन विजापूरकर फारसे नाहीत. असे चित्र पाहणाऱ्याला वाटते की ही राजधानी काळानेच ओस पाडली. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले, आदिलशाही संपली, दरबार उठला, हे कारण चित्रात येत नाही. ओस वास्तूच्या छायाचित्राचे हे जन्मजात वैशिष्ट्य आहे : परिणाम नेमका दिसतो, कारण दिसत नाही.

५/ आता टेंभुर्णीकडे. पुणे–सोलापूर महामार्गावरचे, माढा तालुक्यातले हे गजबजलेले गाव. येथून एक वाट पंढरपूरला जाते, एक करमाळ्याकडे, एक कुर्डुवाडी–बार्शीकडे. पेशवाईच्या इतिहासात टेंभुर्णीचे नाव येते ते सदाशिव माणकेश्वर यांच्यामुळे. हैदराबादच्या राजकारणात मुरलेला हा मुत्सद्दी पुढे दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी झाला. त्रिंबकजी डेंगळे यांचा उदय होईपर्यंत पुण्यातील इंग्रज रेसिडेंटशी होणाऱ्या बोलण्यांत त्याचे वजन मोठे होते.

६/ अशा दरबारी माणसांनी, इनामदारांनी, देशमुख–कुलकर्ण्यांनी भीमाकाठच्या गावोगावी गढ्या आणि वाडे उभारले. दिंडीदरवाजा, आत देवडी, मग चौक, चौकाभोवती ओसरी आणि सोपा, त्यामागे माजघर, देवघर, धान्याचे बळद, आणि परसात आड. भिंती दोन–दोन हात रुंद. घराचा आकार सांगायचा तो खणांत : पाच खणांचा सोपा, बारा खणांचा वाडा. हे मोजमाप तुळयांवरून येते, म्हणजे घर किती लाकूड विकत घेऊ शकले यावरून.

७/ या घरांचे छप्पर म्हणजे माळवद. तुळयांवर कडीपाट, त्यावर काटक्या–पाला, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. सोलापूरच्या उन्हात ते घर गार ठेवते, पण त्याची एक अट असते. दर पावसाळ्यापूर्वी वर चढून नवी पांढरी माती पसरावी लागते, चोपावी लागते. दोन–तीन वर्षे हे चुकले की पाणी झिरपते, तुळया कुजतात आणि माळवद आत कोसळते. छायाचित्रांत वारंवार दिसणाऱ्या ‘चार भिंती आणि वर आभाळ’ या दृश्यामागे इतकी साधी गोष्ट असते : वर चढणारे माणूस गावात उरले नाही.

८/ माणूस का उरले नाही, हा इतिहासाचा खरा प्रश्न. या भागात त्याची निदान चार उत्तरे मिळतात. पहिले उत्तर कायद्याचे. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने संपली, १९५२ च्या कायद्याने व्यक्तिगत इनामे गेली, कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषिदिन’ ठरला आणि कसणारा कूळ जमिनीचा मालक होऊ लागला. ज्या उत्पन्नावर बारा खणांचे माळवद दरवर्षी चोपले जाई, ते उत्पन्नच गेले. वाडा पडला, त्याच वर्षांत गावातील कित्येक घरांत प्रथमच स्वतःच्या नावाचा सातबारा आला.

९/ दुसरे उत्तर आगीचे. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण असल्याचे कळताच पश्चिम महाराष्ट्रात अनेक गावांतील ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली. हत्येशी काडीचाही संबंध नसलेली कुटुंबे पुणे–मुंबईकडे निघून गेली आणि बरीचशी परतली नाहीत. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘वावटळ’ ही कादंबरी याच दिवसांवर आहे. जळक्या तुळईचे टोक छायाचित्रात सुंदर दिसू शकते. ती तुळई कोणत्या आठवड्यात जळली हे गावाला ठाऊक असते.

१०/ तिसरे उत्तर दुष्काळ आणि भूकंपाचे. १९७२ च्या दुष्काळाने या पट्ट्यातील माणसे खडी फोडायला आणि शहरांकडे लावली. मग ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड–मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे झोपेतल्या माणसांवर कोसळले. त्या पहाटेनंतर पिढ्यान्‌पिढ्या गारवा देणाऱ्या घराचीच भीती वाटू लागली. लातूर–उस्मानाबाद भागात गावेच्या गावे नव्या जागी वसली, आणि पत्र्याचे वा सिमेंटचे छप्पर सुरक्षित वाटू लागले.

११/ चौथे उत्तर पाण्याचे, आणि टेंभुर्णीला सर्वांत जवळचे. टेंभुर्णीलगत, माढा तालुक्यातील उजनी येथे भीमेवर धरण बांधायचे ठरले. १९६६ मध्ये यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते पायाभरणी झाली, १९८० मध्ये धरण पूर्ण झाले. जलाशयाला नाव मिळाले ‘यशवंतसागर’. माढा, करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत अशा तालुक्यांतील भीमाकाठची गावे आणि काळीभोर जमीन त्याच्या पाण्याखाली गेली.

१२/ उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातील सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारांखाली राहणारे पाणी. उपयुक्त साठा संपला की मोजणी शून्यावर येते, आणि मृतसाठ्यातून उपसा सुरू झाला की ‘उणे’ आकडे सुरू होतात. म्हणून छायाचित्रकारांचा हंगाम आणि शेतकऱ्याच्या चिंतेचा हंगाम एकच असतो. शिखर जितके वर दिसेल, तितकी ऊस आणि पिण्याच्या पाण्याची ओढ अधिक.

१३/ इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पळसनाथ मंदिर हे या हंगामाचे सर्वांत प्रसिद्ध दृश्य. जुने गाव बुडाले, नवे गाव महामार्गाकडे वर सरकले, आणि जुने देऊळ पाण्यातच राहिले. पाणी उतरले की आधी शिखर, मग मंडप, आणि कडक दुष्काळात पायऱ्यांपर्यंतचे देऊळ उघडे पडते. करमाळा तालुक्यातील कुगाव येथे इनामदारांच्या गढीचे अवशेष असेच वर येतात.

१४/ पण तिथे घरे फारशी का दिसत नाहीत? उभे असते देऊळ, गढीची भिंत, आडाचा काठ. घराच्या जागी उरतात जोत्याच्या रेषा. याचे कारण असे की बुडणाऱ्या गावातून निघताना माणसे घर सोबत नेतात. तुळया, चौकटी, दारे, घडीव दगड, जे गाडीत चढेल ते नव्या गावठाणात जाते. म्हणून बुडालेल्या गावातील रिकामी चौकट शोधायची तर नव्या गावातील एखाद्या घरात शोधावी. बहुधा ती तिथे अजून वापरात असते.

१५/ या माणसांना शासकीय भाषेत ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणतात. महाराष्ट्राने त्यांच्या पुनर्वसनाचा कायदा केला १९७६ मध्ये, म्हणजे उजनीचे काम सुरू होऊन दहा वर्षे झाल्यावर. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या माढा–पंढरपूर पट्ट्यात ज्वारीवर भागत असे तिथे उसाचे मळे उभे राहिले, सोलापूर शहराला पाणी मिळाले. एकाच धरणाने एका गावाचे जोते बुडवले आणि दुसऱ्या गावात बंगला उभा केला. ओस जोत्याचे छायाचित्र या हिशेबाची एकच बाजू दाखवते.

१६/ हाच वाद अमेरिकेत डेट्रॉइट शहराबाबत झाला. मोटारींच्या या शहराची लोकसंख्या १९५० मध्ये सुमारे १८.५ लाख होती, २०२० मध्ये ती ६.४ लाखांच्या आसपास उरली. तेथील ओस घरांची छायाचित्रे जगभर गाजली. रहिवाशांची तक्रार होती की या चित्रांत आम्हीच नाही. कामिलो होसे व्हेर्गारा या छायाचित्रकाराने वेगळी वाट धरली : १९७० च्या दशकापासून तो त्याच जागी, त्याच कोनातून, वर्षानुवर्षे पुन्हा छायाचित्रे घेत राहिला. त्याच्या कामात ओसाडपणाला तारखा मिळाल्या.

१७/ ओस घर बेवारस नसते. गावठाणातील पडक्या घराचीही नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रके मिळू लागल्यावर, वर्षानुवर्षे न आलेले वारस गावी येऊ लागले. म्हणून आत पाऊल टाकण्यापूर्वी विचारावे. नेमके ठिकाण जगजाहीर करण्यापूर्वीही विचार करावा, कारण छायाचित्रापाठोपाठ नक्षीदार चौकटीचा गिऱ्हाईक आणि गुप्तधन शोधणारा येतो. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे.

१८/ धोका जिवाचाही असतो. ओल धरलेली भिंत इशारा न देता बसते. उजनीच्या पात्रात वरून तडकलेला, कोरडा दिसणारा गाळ आत मऊ असतो. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. ती माणसे हौसेने निघालेली नव्हती. धरणाने दोन काठ तोडले तेव्हापासून होडी हाच तिथला जवळचा रस्ता होता.

१९/ मग कॅमेऱ्याने काय करावे? घर वाचावे. भिंतीवरचा काजळीचा पट्टा चुलीची जागा सांगतो. देवळीखालचा तेलकट ओघळ रोजची दिवेलागण सांगतो. तुळयांची भोके स्वच्छ असतील तर लाकूड काढून नेले आहे. कडा फाटलेल्या असतील तर छप्पर कोसळले आहे. गढीच्या पायथ्याशी खड्डे दिसले तर तिची पांढरी माती गावाने आपल्या माळवदांसाठी नेली असण्याची शक्यता मोठी. प्रत्येक चित्रासोबत गाव, तारीख आणि त्या दिवशीची धरणातील पाण्याची टक्केवारी नोंदवली, की ते चित्र कागदपत्राच्या तोलाचे होते.

२०/ आणि सर्वांत महत्त्वाची नोंद माणसाकडे असते. १९७८ मध्ये विशीत असलेली, भरल्या घरातून चौकट उचलून गाडीत चढवलेली व्यक्ती आज सत्तरीजवळ आहे. ती बहुधा पळसदेवच्या नव्या गावात किंवा टेंभुर्णीच्या एखाद्या गल्लीत राहते, जलाशयापासून फार लांब नाही. जोत्याचे छायाचित्र तिच्यासमोर धरले, तर कोणता खण माजघर होता आणि आडावर कोणाचा हक्क होता हे ती बोट ठेवून सांगेल. पाणी पुन्हा उतरेल, शिखर पुढच्या दुष्काळातही दिसेल. बोट ठेवून सांगणारी माणसे मात्र दर उन्हाळ्यात कमी होत आहेत.