गणित, मुक्काम पोस्ट तळेगाव (श्यामजी पंत)

आमच्या गावाचं नाव कंसाशिवाय लिहिलं की टपाल भलतीकडे जातं. महाराष्ट्रात तळेगावं पुष्कळ. पुण्याकडे दाभाड्यांचं आणि ढमढेऱ्यांचं, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात बैलांच्या शंकरपटासाठी नावाजलेलं दशासर, आणि नागपूर-अमरावती रस्त्यावरचं आमचं श्यामजी पंत. तालुका आष्टी लिहावा, तर आष्टी बीड जिल्ह्यातही आहे. पत्ता पुरता, कंसासकट लिहायची सवय मला १९९७ साली लागली. त्या वर्षी मी इग्नूच्या, म्हणजे दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, बी.एस्सी.ला नाव घातलं आणि कॉलेज माझ्याकडे टपालाने यायला लागलं.

मी एसटीत वाहक, तळेगाव आगारात. बारावी सायन्स आर्वीला झाली, मग नोकरी लागली आणि कॉलेज राहून गेलं. नागपूर विद्यापीठाच्या बी.ए.ला बहिस्थ बसणारे आमच्या आगारात होते, पण विज्ञानाला ती सोय नव्हती. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, खडू लागतो आणि वही लागते, तरीही नव्हती. म्हणून दिल्लीचं इग्नू धरलं. पत्त्याच्या शेवटी ४४२ने सुरू होणारा पिनकोड टाकायचा. हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. ते संस्कृतचे कवी होते. टपाल खात्यात बसून त्यांनी देशाला सहा आकड्यांत बांधलं, आणि त्या आकड्यांच्या भरवशावर पुढे लाखो लोक घरी बसून शिकले. शिक्षणाच्या इतिहासात त्यांचं नाव कोणी घेत नाही. घ्यायला हवं.

टपालाने शिकवण्याची रीत निघाली ती मुळी लिहिलेलं तपासण्यासाठी. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत कुठेही पत्र जाऊ लागलं आणि आयझॅक पिटमन या बाथच्या शिक्षकाने लघुलिपी पत्रातून शिकवायला घेतली. विद्यार्थी बायबलातला उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचा, पिटमन त्यातल्या चुका दुरुस्त करून परत पाठवायचा. शिकवणं म्हणजे काय, तर ही परत आलेली चिठ्ठी. याच्या अगदी उलट वाट १८५८मध्ये लंडन विद्यापीठाने धरली. कुठेही, कसाही शिक, परीक्षेला बस, पास झालास तर पदवी घे. परीक्षा घेणारं पण न शिकवणारं विद्यापीठ ही कल्पना आपल्याकडे आधीच आली होती. १८५७ची मुंबई, कलकत्ता, मद्रास ही तिन्ही विद्यापीठं लंडनच्याच साच्यातली. आपल्याकडचा बहिस्थ विद्यार्थी या घराण्यातला. त्याची वही कोणी बघत नाही, थेट उत्तरपत्रिकाच बघतात.

भारतात पत्राद्वारे पदवीचा अभ्यासक्रम पहिल्यांदा दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली सुरू केला. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे वर्ग १९७१च्या जानेवारीत भरले. त्याच्या पहिल्या अभ्यासक्रमांत गणिताचा पायाभूत अभ्यासक्रम होता. व्याख्यानं बीबीसीवर दिसायची आणि स्वाध्याय टपालाने तपासले जायचे. तो नमुना घेऊन १९८२मध्ये आंध्रात, १९८५मध्ये संसदेच्या कायद्याने दिल्लीत इग्नू, आणि १९८९मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले. नाशिकचं ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. या विद्यापीठाने मराठी माणसाचं केलेलं कल्याण मी आगारात डोळ्यांनी पाहिलं आहे. पूर्वतयारी परीक्षा देऊन शाळा सुटलेले चालक बी.ए. झाले, आणि त्यांच्या घरात पुस्तक आलं. माझ्या गणिताची पुस्तकं मात्र दिल्लीहूनच यायची, इंग्रजीत किंवा हिंदीत. मी इंग्रजी घेतली आणि शेजारी मराठी शब्द पेन्सिलीने लिहीत गेलो.

पहिलं पुडकं एम.टी.ई. ०१चं, कॅल्क्युलस. चार क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे तीस तास, असं त्यातच छापलेलं. हे तास मला मुक्कामी गाडीने दिले. संध्याकाळी शेवटच्या गावाला गाडी लावायची, वेबिल लिहायचं, रोकड मोजायची, चालक जेवून झोपला की गाडीतच आडवं होऊन टॉर्चवर वाचायचं. पहाटे पहिली फेरी घेऊन परत.

तिथेच पहिल्या भागात पायरी-फलन भेटलं. पुस्तकात ते कोरडं वाटत होतं. पण एसटीचं भाडं टप्प्याने असतं, आणि टप्पा सहा किलोमीटरचा. टप्प्याच्या आत कुठेही उतरा, भाडं तेच. टप्पा ओलांडला की भाडं एकदम उडी मारतं, मधली कोणतीही रक्कम लागत नाही. अंतर आडव्या अक्षावर आणि भाडं उभ्या अक्षावर घेतलं तर जिना दिसतो. प्रत्येक पायरीच्या कडेला आलेख तुटतो. डावीकडून येणाऱ्याचं भाडं एक, उजवीकडच्याचं दुसरं, म्हणून तिथे सीमा नाही. त्या कडेवरच्या थांब्यावर प्रवाशांशी रोज होणारा वाद मला ठाऊक होता. आता त्याचं शास्त्र कळलं. फलन सतत असणं म्हणजे काय, हे मला असं तिकिटांच्या पेटीतून समजलं, आणि ते कायमचं समजलं.

स्वाध्याय हा या सगळ्याचा गाभा होता. पदवीच्या गुणांत सत्तर टक्के परीक्षेचे, तीस टक्के स्वाध्यायाचे. प्रश्न सोडवून कागद नागपूरच्या अभ्यासकेंद्रावर द्यायचे. नागपूरची ड्यूटी असली की बसस्थानकावरून तसाच जायचो. काही आठवड्यांनी कागद परत यायचे आणि त्यांवर लाल शाई असायची. मला तपासनीस चांगले मिळाले. ते नुसतं बरोबर-चूक करून सोडत नसत. ओळीच्या बाजूला लिहीत, ‘ही पायरी दाखवा.’ ‘हे कशावरून?’ एका ठिकाणी उत्तर पूर्ण बरोबर असूनही खाली लिहिलं होतं की याहून सोपी वाट आहे, शोधा. माझ्यासारख्या खाकी कपड्यांतल्या माणसाची सिद्धता कोणा प्राध्यापकाने ओळ न ओळ वाचली होती. ते कागद मी अजून जपून ठेवले आहेत.

व्याख्यान गावात आणायचे प्रयत्न याच्याही आधीपासून चालू होते. अमेरिकेचा उपग्रह घेऊन १ ऑगस्ट १९७५पासून वर्षभर चोवीसशे गावांत दूरदर्शन दाखवलं गेलं, पण त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘देशव्यापी वर्ग’ १५ ऑगस्ट १९८४ला इन्सॅट-१बीवरून सुरू झाले. दुपारचा कार्यक्रम, भाषा इंग्रजी, विषय सुंदर. पण अभ्यासक्रमाशी बांधलेले नव्हते. २६ जानेवारी २०००पासून ज्ञानदर्शन वाहिनी आली. इग्नूच्या दूरपरिषदांत दिल्लीचे प्राध्यापक पडद्यावर दिसत आणि आपण फोनवरून प्रश्न विचारायचा. चित्र एकीकडून, आवाज दोन्हीकडून. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट सुटला, तो तर खास शिक्षणासाठीच. आमच्याकडे त्या काळी भारनियमन असं होतं की आकाशातून शिक्षक येऊन उभा राहिला तरी घरात वीज नसायची.

मग मोबाइल आला, आणि त्याबद्दल मी कृतज्ञतेनेच लिहितो. आयआयटींनी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००३मध्ये ऑनलाइन व्याख्यानांचं एनपीटेल सुरू केलं. ९ जुलै २०१७ला केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाचं उद्घाटन झालं. त्याआधी सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला की संत्र्याच्या बागेत पाण्याची पाळी देणारा पोरगाही आयआयटीचं व्याख्यान लावू शकला. २०२०च्या मार्चमध्ये एसटी जागच्या जागी थांबली, तेव्हा मीही घरी बसून कॅल्क्युलसचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला. व्याख्यान थांबवता येतं. मागे नेता येतं. फळा कोरा होण्याआधी पुन्हा बघता येतो. ज्याला कॉलेजात मागच्या बाकावर बसून काही दिसलं नाही, त्याला हे वरदान आहे. माझ्या वेळी हे असतं तर कित्येक रात्री वाचल्या असत्या.

पण स्वाध्याय बघितले आणि मी थबकलो. दर आठवड्याला प्रश्न, प्रत्येकाखाली चार पर्याय, एकावर खूण. तपासतं यंत्र. प्रमाणपत्राच्या गुणांत पंचवीस टक्के या स्वाध्यायांचे आणि पंचाहत्तर टक्के केंद्रावरच्या परीक्षेचे. हजारो विद्यार्थी एका वर्गात असले की दुसरं काय करणार, हे मला कळतं. तरी माझी एकही ओळ कोणी वाचली नाही.

व्हिडिओंतून शिकवणाऱ्या खान अकादमीची सुरुवात आठवण्यासारखी आहे. सलमान खान २००४मध्ये बोस्टनहून न्यू ऑर्लिन्सच्या आपल्या नात्यातल्या बहिणीला फोनवरून गणित शिकवत होता. संगणकाच्या पडद्यावरच्या दोघांच्या सामायिक वहीत ती काय लिहिते ते त्याला दिसायचं. मागणी वाढली म्हणून २००६मध्ये व्हिडिओ आले. जगभर पसरले ते व्हिडिओ; त्यांच्या आधीची ती रोजची विचारपूस पसरली नाही. २०१३च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे विद्यापीठाने युडॅसिटी कंपनीसोबत पहिल्या वर्षाच्या बीजगणिताचे दोन अभ्यासक्रम ऑनलाइन दिले. दोन्हींत निम्म्याहून जास्त विद्यार्थी उत्तीर्ण झाले नाहीत आणि जुलैत प्रयोग थांबवावा लागला. उन्हाळ्यातल्या तुकडीचे निकाल चांगले आले, पण तिच्यात आधीच पदवी घेतलेले बरेच होते. म्हणजे ज्याला शिकायचं कसं हे ठाऊक आहे त्याला पडदा पुरतो. पहिल्या वर्षाचं गणित पहिल्यांदा करणाऱ्याला पुरत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी आर्वीच्या, आष्टीच्या, कारंजाच्या मास्तरांशी भांडून सांगत असतो: व्याख्यान गावापर्यंत पोचवण्यावर साठ वर्षं खर्च झाली, वही तपासणारा मात्र वाटेत उतरून गेला.

एसटी थांबली त्या वर्षी, २०२०मध्ये, माझी पुतणी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. वर्ग मोबाइलवर, चाचणी मोबाइलवर. क्षचा वर्ग घ्या, क्ष ३च्या जवळ गेला की वर्ग ९च्या जवळ जातो हे एप्सिलॉन-डेल्टाने दाखवा, हा तिचा धडा. वर्ग ९पासून किती अंतराच्या आत हवा ते एप्सिलॉन, आणि त्यासाठी क्ष ३पासून किती अंतराच्या आत ठेवायचा तो डेल्टा. चाचणीत विचारलं, एप्सिलॉन ०.०७ असेल तर कोणता डेल्टा चालेल? तिने ०.०१वर खूण केली. बरोबर. पूर्ण गुण. मी म्हटलं, वही आण. वहीत लिहिलं होतं, डेल्टा म्हणजे एप्सिलॉन भागिले ७. मी लाल पेन घेतला आणि बाजूला लिहिलं, ‘७ कुठून आला?’

“व्हिडिओत तसंच आहे, काकाजी,” ती म्हणाली.

“मग एप्सिलॉन १४ घे.”

तिने मांडलं. डेल्टा २ आला. क्ष ४.९ धरला तर ३पासून अंतर १.९, दोनच्या आत. वर्ग २४.०१. नऊ वजा केले तर १५.०१. चौदाच्या बाहेर. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग व्हिडिओ मागे नेला, आणि त्यात गुरुजींनी भरभर म्हटलेलं एक वाक्य तिला सापडलं: क्ष आणि ३ यांच्यातलं अंतर आधी १पेक्षा कमी धरू. तसं धरलं तरच क्ष अधिक ३ ही बेरीज ७च्या खाली राहते. म्हणून डेल्टा हा १ आणि एप्सिलॉन भागिले ७ यांतला लहान. वाक्य व्हिडिओत होतंच. ते ऐकायची गरज तिला वही तपासल्यावर पडली.

आता दर रविवारी चार-पाच पोरं येतात. कोणी येऊ शकलं नाही तर व्हॉट्सॲपवर वहीचा फोटो पाठवतं आणि मी बोटाने त्यावर लाल रेघा ओढतो. व्याख्यान मी देत नाही. ते माझ्याहून चांगलं द्यायला आयआयटीचे प्राध्यापक आहेत. मी फक्त वाचतो आणि विचारतो. एका प्राध्यापकाने एका वाहकाचं जे वाचलं, तेवढंच. गावोगाव निवृत्त शिक्षक आहेत, एम.एस्सी. होऊन घरी बसलेल्या सुना आहेत. त्यांना मानधन देऊन या कामाला जोडायला ‘स्वयम’ला काय अडचण आहे ते मला समजत नाही. इग्नूने हे तीस वर्षांपूर्वी लाल शाईत करून दाखवलं होतं.

मागच्या रविवारी एका नव्या पोराने विचारलं की सुरुवातीला १ऐवजी २ धरले तर ७च्या जागी काय येईल. मी काही बोलायच्या आत पुतणीने त्याच्या हातात पेन दिला आणि क्ष अधिक ३ मांडायला लावलं. आठ आला.