समितीचा उमेदवार नेमका कोणता?

सोहारच्या बंदराजवळ काम करणारा आमचा एक मित्र खानापूरचा, बेळगाव जिल्ह्यातला. 2018च्या मे महिन्यात तो फक्त मत द्यायला गावी गेला. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर जावं लागतं. हे तुमच्यापैकी कितीजणांना माहीत होतं? असो. गावात पोचला तर महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नावावर दोन गटांचे दोन उमेदवार, आणि त्याच्या घरातच दोन भाऊ दोघांच्या प्रचारात!

1 नोव्हेंबर 1956ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून सीमाभागातल्या मराठी माणसाने समितीचं काम स्वतःच्या खिशातून केलं. वर्गणी काढायची, भिंती रंगवायच्या, दर 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळायचा. 1996च्या लोकसभेला तर बेळगावात तब्बल 456 उमेदवार उभे राहिले. निवडून येण्यासाठी नव्हे, दिल्लीचं लक्ष जावं म्हणून! त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत रक्कम 500 वरून 10,000 रुपये झाली, कारण अशी गर्दी इतर मतदारसंघांतही झाली होती.

आता गंमत बघा. शेकडो माणसं उभी करण्याची शिस्त ज्यांच्याकडे होती, त्यांना 22 वर्षांनी एक नाव ठरवता आलं नाही. समितीचे उमेदवार कागदोपत्री अपक्षच असतात. त्यामुळे ‘खरी समिती कोणती’ हे निवडणूक आयोग सांगणार नाही, ते नेत्यांनीच बसून ठरवायचं. ते बसले, पण वेगवेगळ्या खोल्यांत. (ओमानमध्ये राजकीय पक्षांना परवानगीच नाही, मजलिस अल-शूराला प्रत्येकजण स्वतःच्या नावावर उभा राहतो. हे सगळं ऐकून आमच्या ओमानी सहकाऱ्याने विचारलं, सगळेच अपक्ष, मग फूट कसली?)

खानापुरात काँग्रेसच्या अंजली निंबाळकर साधारण साडेछत्तीस हजार मतांवर निवडून आल्या. समितीच्या दोघांची बेरीज 40 हजारांच्या वर होती. 2013ला समितीचे दोन आमदार होते, 2018ला एकही नाही.

मराठी मतदार इतर पक्षांकडे वळला म्हणून समिती हरली, असं म्हणतात. ते खोटं नाही. पण आमच्या मते खानापूरचा तो आकडा वेगळं सांगतो: मतदार आला होता, रांगेत उभाही राहिला होता. मित्र म्हणतो, “हरल्याचं काही वाटलं नाही रे. पण आईने विचारलं, कुठल्या चिन्हावर बटण दाबू, आणि मला सांगता येईना.”

2023ला त्याने रजा टाकली नाही. तेव्हाही समितीला एकही जागा मिळाली नाही. 1 नोव्हेंबरला मात्र त्याच्या कव्हरऑलच्या आत काळा टीशर्ट असतो.