पोथीचें सावकाश वाचन

जुन्या पोथ्यांचा संग्रह करणें आणि जुन्या पोथ्या वाचणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत. परंतु पोथ्यांचीं छायाचित्रें सहज मिळूं लागल्यापासून पहिलें झालें कीं दुसरेंहि झालेंच, असें मानण्याचा प्रघात पडत आहे. म्हणून हा लहानसा लेख.

पोथींतील ओळ सलग लिहिलेली असते. शब्द कोठें तोडावा हें वाचकानें ठरवावयाचें असतें. 'राजाभयंददाति' एवढींच अक्षरें समोर असतां राजा भय देतो कीं अभय देतो, हें त्यांवरून कधींहि कळणार नाहीं. शाळेंत संस्कृत शिकवितांना पदच्छेद आधीं व अर्थ मागून असा आमचा परिपाठ असे. पोथीपुढें तो क्रम चालत नाहीं. तेथें दोन्ही एकमेकांच्या आधारानें हळूहळू पुढें सरकतात.

त्यांत जुन्या लेखनांतील पडिमात्रा. एकारासाठीं अक्षराच्या आधीं उभी रेघ काढीत. घाईनें वाचणारा तिला मागील अक्षराचा काना समजतो, आणि 'न देव' याचें 'नादव' होतें. च आणि व, प आणि य, ध आणि घ यांचे घोटाळे तर सर्वांच्या परिचयाचेच आहेत.

याहून विचार करण्याजोगी गोष्ट हरताळाची. अक्षर चुकलें म्हणजे नकलकार त्यावर हरताळाचा पिवळा लेप देई व तो वाळल्यावर वर नवें अक्षर काढी. 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार तेथूनच आला. सुटलेलें अक्षर हंसपदाची खूण करून समासांत लिहीत. म्हणजे पानावर केवळ ग्रंथ नसतो; तो नकलतांना एका माणसाच्या मनांत काय चाललें होतें, याचाहि पुरावा असतो. कधीं असेंहि घडतें कीं लेपाखालीं दडलेलें अवघड अक्षरच मूळ प्रतींतलें असतें, आणि वरचें सोपें अक्षर कोणा शहाण्या शोधकाच्या पदरचें!

ज्ञानेश्वरी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्यें पूर्ण झाली, एकनाथांनीं तिचें संशोधन शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें केलें. मधल्या सुमारें तीनशें वर्षांत पाठांतरांनीं ग्रंथ अशुद्ध झाल्याचें संशोधनाच्या ओव्यांतच नमूद आहे. नाथांना हा दोष दिसला, कारण त्यांनीं केवळ पारायण केलें नाहीं. प्रती ताडून पाहिल्या. मात्र टाकलेल्या पाठांची नोंद त्यांनीं मागें ठेविली नाहीं. तशी त्या काळाची रीतिहि नव्हती. पुढें १९०९ मध्यें राजवाड्यांनीं एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली व तिच्या प्राचीनतेविषयीं विद्वानांत मतभेद झाला. ती नोंद असती, तर तो वाद पुष्कळ सोपा झाला असता.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत ही उणीव राहूं दिली नाहीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत श्लोकाचें एकेक अक्षर स्वतंत्र चौकोनांत मांडून त्याखालीं प्रत्येक पोथीचा पाठ नोंदवीत. डॉ. सुखटणकरांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ मध्यें पुरें झालें. अखेरचें पर्व हातावेगळें व्हावयास १९६६ साल उजाडलें. सुखटणकर १९४३ मध्येंच निवर्तले होते. परंतु या सावकाशीमुळें नाकारलेला पाठहि पानाच्या तळाशीं जिवंत राहिला, व संपादकाचा निर्णय ज्यास पटत नाहीं त्याला आपला निर्णय करण्याची सोय झाली.

आमच्या संग्राहक मित्रांस एवढीच विनंती कीं, पोथीची नोंद करितांना तिचीं पानें व तिचा शक यांवर न थांबतां हरताळाच्या जागा, समासांतील भर आणि हस्ताक्षर जेथें बदललें तें पानहि टिपावें. काळ्यापांढऱ्या छायाचित्रांत हरताळ ओळखूं येणें कठीण. तेथें शोधलेलें अक्षर मूळचेंच वाटतें. त्याकरितां पान प्रत्यक्ष तिरप्या उजेडांत धरावें. लेप झिजला असेल तर खालचें अक्षर डोकावतें. हरताळांत सोमलाचा अंश असतो, तेव्हां थुंकी लावून पान उलटण्याची संवय अशा पोथ्यांपुरती तरी सोडलेली बरी.